कॉस्टिकने रंग उतरवलेलं सागवानी दार: नवा हात मारण्याआधी काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूरकडच्या आजोळच्या घराचं दर्शनी दार, दोन झडपांचं, सागवानी, वर कोरीव गणेशपट्टी. त्यावर ऑइलपेंटचे तीन-चार थर होते. गावातल्या रंगाऱ्याने कॉस्टिक सोड्याचं पाणी मारून ते उतरवले आणि दार दोन-चार बादल्या पाण्याने धुतलं. आता लाकूड काळपट दिसतंय, कडांना पांढरी पूड येतेय, हात लावला तर किंचित चिकट लागतंय. गणपतीला पाच आठवडे आहेत. त्याआधी पॉलिश पेपर (सँडपेपर) मारून पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेनचं फिनिश) लावायचा आहे, तर कितव्या नंबरचा पेपर आणि किती हात?

पेपरचा नंबर सांगतो, पण या कामातला तो सगळ्यात सोपा भाग आहे. त्याआधी नावडतं सांगून टाकतो: गणपतीच्या आधी या दारावर काहीही लावू नका. पीयू नाही, मेलामाइन (लाकडावरचं चकचकीत पॉलिश) नाही, तेलसुद्धा नाही. दार उघडंच राहू द्या. पाहुणे विचारतील, त्यांना काम चालू आहे म्हणून सांगा. घाईने लावलेला हात पुढच्या शिमग्यापर्यंत सोलून निघाला की तेच पाहुणे पुन्हा विचारतील.

काळेपणा, पांढरी पूड आणि चिकटपणा या तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: सोडा अजून लाकडात बसलाय. कॉस्टिक ऑइलपेंट उतरवतं म्हणजे काय करतं, तर रंगातल्या तेलाचा साबण करून टाकतं. म्हणूनच तो गिळगिळीत होऊन सुटतो. पण सोड्याला जुनं तेल आणि नवं तेल यातला फरक कळत नाही. तो लाकडात राहिला आणि वर तुम्ही जवसाच्या तेलाचं किंवा तेलापासून बनवलेलं व्हार्निश लावलंत, तर त्याचाही खालून साबण व्हायला लागतो. मेलामाइन आम्लाच्या मदतीने घट्ट होतं, सोडा ते आम्लच खाऊन टाकतो. लाखेचं पॉलिश तर सोड्याच्या पाण्यात सरळ विरघळतं. पीयू रासायनिकदृष्ट्या जरा दणकट असतो, पण त्याची पकड लाकडावर न बसता क्षारांच्या ओलसर थरावर बसते, आणि तो थर लाकडाला धरून नसतो.

चिकट लागतं कारण कॉस्टिक हवेतलं पाणी ओढून घेतं आणि कोकणातल्या पावसाळी हवेत पाण्याला तोटा नाही. पांढरी पूड दिसते ती हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कॉस्टिकचा धुण्याचा सोडा होतो त्याची. बहुतेक जण ती पूड फडक्याने पुसतात, लाकूड स्वच्छ दिसतं, मग पेपर मारतात. चार दिवसांनी ती पुन्हा येते, कारण ती वरून पडलेली धूळ नाही, आतून येणारा माल आहे.

हे मला कुणी शिकवलं नाही, मी ते एका झोपाळ्यावर शिकलो. रत्नागिरी जिल्ह्यात जुन्या घरांची दारं, खांब, झोपाळे यांचं पॉलिश करून मला आता सव्वीस वर्षं झाली. धंद्यात नवा होतो तेव्हा गुहागरकडच्या एका घरातला माजघरातला झोपाळा हाती आला. अखंड सागाची फळी, आजच्या पैशात तिची किंमत सांगायला नको. वरचा हिरवा ऑइलपेंट कॉस्टिकने काढला, दोन बादल्या ओतल्या, दोन दिवस उन्हात ठेवली, मेलामाइनचे तीन हात मारले. आरशासारखी दिसत होती. महिन्याभराने बोलावणं आलं. घरातल्या आजी दुपारी झोपाळ्यावर बसायच्या, तर त्यांच्या लुगड्याचं विणकाम, उभे-आडवे धागे, जसेच्या तसे फळीवर उमटले होते. मेलामाइन वाळलं होतं पण घट्ट झालंच नव्हतं. नखाने दाबलं तर खूण पडत होती. सगळं खरवडून पुन्हा केलं, पदरच्या पैशाने. आजी काही बोलल्या नाहीत, चहा दिला. तो चहा अजून आठवतो.

तर आधी सोडा राहिलाय का ते तपासायचं, आणि त्याची परीक्षा स्वयंपाकघरातच आहे. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो हे कपडे धुतलेल्या कुणालाही ठाऊक आहे. तेच इथे वापरायचं. अर्धी वाटी स्पिरिटमध्ये चमचाभर हळद ढवळून गाळून घ्या, पांढऱ्या जाडसर कागदाच्या पट्ट्या त्यात बुडवून सावलीत वाळवा. दारावर साध्या पाण्याचे दोन-तीन थेंब टाका, दोन मिनिटं मुरू द्या आणि त्या ओलीवर पट्टी दाबून धरा. पिवळी राहिली तर ठीक. विटकरी-लाल झाली तर सोडा आहे. आधी नुसत्या विहिरीच्या पाण्यात एक पट्टी बुडवून पाहा, म्हणजे पाण्याचा दोष दारावर जाणार नाही. हळद थेट लाकडावर मात्र चोळू नका, सागाच्या नसांमध्ये ती बसली की निघत नाही.

परीक्षा दाराच्या मध्यावर घेऊन काही उपयोग नाही, तिथे रंगाऱ्याने नीट धुतलेलं असतं. खालची कड, फळ्यांचे सांधे, बिजागऱ्यांच्या मागची खाच, कडी-कोयंड्याची भोकं आणि गणेशपट्टीवरचं कोरीव काम इथे पट्टी लावा. मी पैजेवर सांगतो, खालच्या कडेला ती लाल होईल. लाकडाची उभी नस तिथे उघडी असते, स्ट्रॉने ओढावं तसं पाणी वर चढतं, आणि दार उभं ठेवून सोडा मारला असेल तर सगळा ओघळ तिथेच जाऊन मुरलेला असतो.

उपाय कंटाळवाणा आहे पण अवघड नाही. झडपा बिजागरीतून काढा, सावलीत भिंतीला तिरक्या उभ्या करा म्हणजे पाणी निथळेल. हातमोजे, चष्मा घाला, कारण सुटणारा सोडा अजूनही कातडी सोलू शकतो. भरपूर पाणी आणि नायलॉनचा ब्रश घेऊन नसेच्या दिशेने घासा. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळून सगळीकडे लावा, पंधरा मिनिटं ओलं राहू द्या, पुन्हा साध्या पाण्याने धुवा. दुसऱ्या दिवशी लाकूड वरून सुकलं की पुन्हा हळदीची पट्टी. आदल्या दिवशी पिवळी राहिलेली जागा दुसऱ्या दिवशी लाल दिसली तर घाबरू नका, आतला सोडा सुकताना पृष्ठभागावर येतो. असं तीन वेळा करावं लागेल, जाड चौकटीला चार वेळाही. सलग दोन दिवस सगळ्या जागी पट्टी पिवळी राहिली की थांबायचं. दार पाण्यात बुडवून वगैरे ठेवू नका, जुन्या दारांच्या फळ्या सरसाने किंवा लाकडी खुंट्यांनी धरलेल्या असतात आणि सरसाची सोड्याने आधीच दैना झालेली असते.

घासायला तारेची घासणी घेऊ नका, ही चूक फार होते. लोखंडाचा बारीक कण ओल्या सागात अडकला की तिथे निळसर-काळा ठिपका उठतो, कारण लाकडातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि लोखंड मिळून चक्क शाई बनते. पूर्वी टाकाची शाई याच दोन गोष्टींतून करत. भांड्यांची हिरवी घासणी वापरा किंवा पितळी तारेचा ब्रश. तुमच्या दाराच्या वरच्या पट्टीवर ओळीने काळे ओघळ असतील तर तेही याच शाईचे. तिथे वर्षानुवर्षं तोरणासाठी लोखंडी खिळे ठोकलेले असतात.

हे काळे डाग पेपर मारून जात नाहीत, खोल असतात. त्यांना ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. रंगाच्या किंवा केमिकलच्या दुकानात पांढरे खडे मिळतात. आधी खिळे काढा, नाहीतर डाग परत येणार. लिटरभर कोमट पाण्यात पन्नास-साठ ग्रॅम, प्लॅस्टिकच्या भांड्यात. फक्त डागावर लावू नका. लावाल तिथे गोरा चट्टा पडतो आणि तो डागापेक्षा वाईट दिसतो. अख्ख्या फळीवर एकसारखं लावा, सुकेपर्यंत थांबा, मग तीन वेळा भरपूर पाण्याने धुवा. धुणं इथे दिखाव्यासाठी नाही. हे विष आहे, आणि न धुतलेल्या लाकडावर पेपर मारलात तर तीच पूड नाकातोंडात जाते. मुलं आणि गुरं आसपास नकोत. कॉस्टिकने आलेला सर्वसाधारण काळपटपणाही याने बराच उतरतो. सगळा नाही उतरला तर सोडून द्या. ऐंशी-शंभर वर्षांचं दार नव्या फर्निचरसारखं पिवळंधमक दिसावं असा हट्ट मला तरी कळत नाही.

इथपर्यंतचं काम पावसातही होतं, उलट पाण्याची कामं याच दिवसांत उरकून घ्यावीत. पुढचं मात्र नाही. हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असली की लाकडातली ओल १८ ते २० टक्क्यांच्या आसपास जाऊन बसते आणि तिथेच राहते, कितीही पंखे लावा. त्या लाकडावर पीयूचा पापुद्रा चढवला आणि कार्तिकात हवा कोरडी झाली, की लाकूड आक्रसतं, आतली वाफ बाहेर यायला बघते, आणि फुगे धरतात. शिवाय दमट हवेत मेलामाइन आणि स्पिरिट पॉलिश वाळता वाळता दुधाळ पांढरं पडतं ते वेगळंच. दर्शनी दारासाठी मी १५ टक्क्यांच्या खाली ओल आल्याशिवाय डबा उघडत नाही, घरातल्या सामानाला १२ टक्के.

दोन पिनांचा ओल मोजायचा मीटर आता स्वस्तात मिळतो, पण तुमच्या बाबतीत तो फसवेल. तो विजेच्या वहनावरून ओल ओळखतो, आणि लाकडात क्षार राहिले असतील तर कोरडं लाकूडही त्याला ओलं वाटतं. मी त्यापेक्षा एक गावठी युक्ती करतो. दारामागची आगळ असेल ना, ती काढा. तिलाही सोडा, व्हिनेगर, पाणी सगळं दारासारखंच झालेलं असावं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचं वजन करा, भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. दर रविवारी पुन्हा. वजन उतरत जाईल, मग एका आकड्यावर थांबेल. दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर सलग तीन रविवार तोच आकडा आला, की दार सुकलं. आगळ दारापेक्षा बारीक असेल तर आणखी दोन आठवडे द्या. काटा ग्रॅममध्ये दाखवणारा असला पाहिजे, भाजीवाल्याचा नको.

म्हणजे साधारण त्रिपुरी पौर्णिमेनंतर कामाला लागायचं. तोपर्यंत झडपा परत बसवा, दार वापरा, पण ऊन थेट पडत असेल तर पडवीला ताडपत्री किंवा जुनी चटई सोडा. उघडं लाकूड दोन-तीन आठवडे उन्हापावसात राहिलं तरी त्याचा अगदी वरचा थर कुजका, राखी होतो, आणि त्या थरावर लावलेलं फिनिश त्या थरासकट सुटतं. तसा थर आलाच तर पेपर मारताना तो पूर्ण काढावा लागेल. गणपतीत तोरण दोऱ्याने बांधा, पुन्हा खिळा ठोकू नका. आणि दाराजवळ समई ठेवणार असाल तर खाली ताटली ठेवा.

समईवरून आठवलं. जुन्या दर्शनी दाराला आणि उंबरठ्याला सोड्यापेक्षाही चिवट शत्रू असतो, तो म्हणजे तेल. पिढ्यान्‌पिढ्या उंबरठ्यावर हळदकुंकू, कोनाड्यातली पणती, बिजागरीत सोडलेलं खोबरेल, हाताळून काळा पडलेला कडीजवळचा भाग. या जागांवर पाण्याचा थेंब टाकून पाहा. बाकी दारावर तो मिनिट-दोन मिनिटांत पसरून मुरेल, इथे मण्यासारखा बसून राहील. तिथे कुठलंही फिनिश नीट धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात. खडूची पूड किंवा मुलतानी माती मिनरल टर्पेंटाइनमध्ये कालवून शिऱ्याइतकी घट्ट करा, बोटभर जाड थापा, वर प्लॅस्टिक लावून रात्रभर ठेवा, मग उघडून सुकू द्या. माती तेल वर ओढते. खरवडून काढा, पुन्हा थापा. थेंब मुरायला लागेपर्यंत. उंबरठ्याला मला एकदा सहा वेळा करावं लागलं होतं.

किडा असेल तर त्याचा बंदोबस्त करायची हीच वेळ आहे, कारण एकदा फिनिश चढलं की औषध आत जात नाही. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली मैद्यासारखी पूड, ती बहुधा फळीच्या कडेच्या फिकट, कच्च्या भागात असते. सागाचा गाभा किडा सहसा खात नाही. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं मिश्रण गरम पाण्यात विरघळवून त्या भागाला दोन-तीन वेळा पाजा. ते ओल्या लाकडात चांगलं पसरतं, म्हणून तेही आताच, धुतल्यावर लगेच करा, नोव्हेंबरात नाही. सुकल्यावर पृष्ठभागावर पांढरे कण दिसले तर ओल्या फडक्याने पुसा. फक्त लक्षात ठेवा, बोरॅक्स स्वतः सौम्य अल्कली आहे, त्या जागी हळदीची पट्टी लाल होईल. त्यामुळे हळदीची परीक्षा आधी, बोरॅक्स नंतर. वाळवीची माती चौकटीच्या बुडाशी दिसत असेल तर हे पुरणार नाही, तो जमिनीचा प्रश्न आहे.

आता तुमचा पेपर.

आधी एक गोष्ट. खाचांमध्ये, सांध्यांमध्ये जुना रंग राहिलाच असेल. घरगुती रंगांमध्ये शिसं दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमच्या दारावरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत, तेव्हा त्यांत शिसं आहे असंच धरून चाला. राहिलेला रंग कोरडा घासायचा नाही. पाणी शिंपडून, ओला ठेवून खरवडायचा, खाली प्लॅस्टिक अंथरून ढलप्या गोळा करायच्या, एन-९५ मास्क लावायचा. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर दार अंगणाच्या लांबच्या टोकाला न्या. आणि रंगाऱ्याने धुतलेलं पाणी कुठे गेलं ते एकदा विचारा. अळूच्या वाफ्यात गेलं असेल तर यंदा तिथलं अळू खाऊ नका.

दार सुकलं की सुरुवात पेपरने नको, खरवडणीने करा. कॉस्टिक लाकडाचे वरचे तंतू सैल करतं, सुकल्यावर ते लोकरीसारखे उभे राहतात. पेपर त्यांना कापत नाही, नुसतं लोळवतो, आणि पहिला ओला हात पडला की ते पुन्हा उठतात. जुन्या करवतीच्या पात्याचा तळहाताएवढा तुकडा कानशीने सरळ करून घ्या, दोन्ही हातांनी किंचित वाकवून नसेच्या दिशेने ओढा. धुळीऐवजी कांद्याच्या सालीसारखे पातळ पापुद्रे निघाले म्हणजे धार बरोबर आहे. आमचे जुने सुतार फुटक्या काचेने हेच करायचे, पण तुम्ही ते करू नका, बोट जातं.

मग १०० नंबर, मग १२०, आणि दर्शनी दाराला १५० वर थांबा. घरातलं सामान असेल तर १८० किंवा २२०. याच्या पुढे जाऊ नका. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून कोऱ्या लाकडावर ४०० नंबर मारणारे मला भेटतात. लाकूड काचेसारखं गुळगुळीत होतं खरं, पण सागासारख्या तेलकट लाकडावर पहिल्या हाताला धरायला काही उरत नाही. ३२० आणि ४०० यांची जागा दोन हातांच्या मध्ये आहे. ८० नंबर फक्त खूप खरखरीत जागीच, आणि नंबर गाळायचे नाहीत. ८० चे ओरखडे १५० ने जात नाहीत, फक्त झाकले जातात. पॉलिशखाली ते मांजराने ओरबाडल्यासारखे वर येतात. मशीन वापरलंत तर शेवटचा पेपर हाताने, नसेच्या दिशेने मारा, कारण मशीनची बारीक गोल वेटोळी उघड्या लाकडावर दिसतच नाहीत.

ती बघायची असतील तर रात्री दिवे घालवून टॉर्च दाराला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. मग स्पिरिटचं फडकं फिरवा. स्पिरिटने ओलं झालेलं लाकूड क्षणभर पॉलिश केल्यासारखं दिसतं आणि सगळी पापं उघडी पडतात: वेटोळी, सरसाचे थेंब, राहिलेला रंग. खडूने खूण करून सकाळी तेवढंच घासा. झाल्यावर एकदा ओल्या फडक्याने अख्खं दार पुसा, सुकू द्या, उठलेले तंतू १५० च्या वापरलेल्या, बोथट पेपरने हलकेच उतरवा.

कोरीव कामाला मशीन लावणाऱ्याचे हात बांधून ठेवावेत. गणपतीचं नाक एकदा सपाट झालं की परत येत नाही. बांबूची काडी तासून टोकदार करा, तिच्यावर पेपरची पट्टी गुंडाळा, एक संध्याकाळ द्या. दाराच्या मागच्या बाजूला हात फिरवलात तर उथळ खळगे लागतील, रांगेत. त्या वाकसाच्या खुणा आहेत, कुणीतरी ती फळी हाताने तासली होती. त्या घासून सपाट करू नका, एवढी माझी विनंती.

भोकं आणि भेगा. पारदर्शक फिनिशखाली दुकानातली तयार लांबी (पुट्टी) वापरू नका, ती ठिगळासारखी दिसते. याच दाराला पेपर मारताना पडलेला भुसा राखून ठेवा, पण जुन्या रंगाचा नको, कोऱ्या लाकडाचा. रुंद भोकांना तो भुसा इपॉक्सीत कालवून भरा. खिळ्यांच्या भोकांना मी खडूची पूड, पिवडी (पिवळी माती) आणि चिमूटभर गेरू लाखेच्या पॉलिशमध्ये मळून भरतो. रंग जुळवताना ओल्या लाकडाशी जुळवा, सुक्याशी नाही, कारण फिनिश लागल्यावर लाकूड ओल्यासारखं दिसणार आहे. फळ्यांमधल्या लांब सरळ भेगा मात्र भरू नका. त्या ऋतूप्रमाणे उघडतात-मिटतात. घट्ट भरल्या तर पावसाळ्यात फळी फुगून शेजारी नवा तडा पाडते.

धूळ झटकायची, पुसायची, आणि पहिला हात मारण्याच्या अर्धा तास आधी थिनरचं फडकं फिरवायचं. फडकं पिवळसर होईल, ते सागाचं स्वतःचं तेल. वरवरचं तेल उडालं की पहिला हात धरतो, पण आतलं तेल हळूहळू वर येत राहतं, म्हणून आज पुसून उद्या हात मारणं म्हणजे न पुसल्यासारखंच. ज्या फिनिशचा डबा घेतलात त्याचाच थिनर वापरा.

सगळ्या दारावर जाण्याआधी मागच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात वीतभर जागेवर पूर्ण प्रयोग करा, सगळे हात मारून. आठ दिवस थांबा. मग ब्लेडने बारीक चौकटी कापा, वर सेलोटेप घट्ट चिकटवून झटक्यात ओढा. टेपवर पापुद्रे आले तर खाली अजून काहीतरी आहे, सोडा, तेल किंवा ओल, आणि तुमचं अख्खं दार वाचलं. काही आलं नाही तर बिनधास्त करा. सकाळी दहा ते तीन, सावलीत, पहिला हात कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत पातळ करून. झडपेच्या सहाही बाजूंना सारखेच हात पाहिजेत. वरची कड आणि खालची कड कुणाला दिसत नाही म्हणून सुटते, आणि पडवी धुताना पाणी नेमकं तिथूनच आत शिरतं. खालच्या कडेला मी एक हात जास्तच मारतो.

पीयूबद्दल मत विचारलं नाहीत तरी देतो. तुमचं दार पडवीत खोल असेल, ऊन येत नसेल, तर बाहेरच्या वापराचा, उन्हापासून संरक्षण असलेला पीयू चालेल. पश्चिमेचं ऊन थेट येत असेल तर मी पारदर्शक पीयू लावणार नाही. ऊन त्यातून आरपार जाऊन लाकूडच सैल करतं, मग सोलून काढायचा सगळा हा खेळ पाच-सहा वर्षांनी पुन्हा. तिथे किंचित रंगद्रव्य असलेलं, लाकडात मुरणारं बाहेरचं फिनिश बरं. ते सोलत नाही, विटतं, आणि दोन वर्षांनी धुऊन वर एक हात मारला की झालं. नुसतं जवसाचं तेल कोकणात नको. बुरशी ते आवडीने खाते आणि दार दोन पावसाळ्यांत काळंकुट्ट होतं. तरीही कुणी लावलंच तर तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका.

तर आज करायचं काम एवढंच: हळदीच्या पट्ट्या करा आणि आगळ काढून तिचं वजन लिहा. खालच्या कडेची पट्टी कितपत लाल झाली आणि दारावर ऊन किती वाजता येतं, ते मला कळवा, मग फिनिश कोणतं घ्यायचं ते नक्की करू.